नहदतुल उलमा, मुहम्मदिया आणि धर्मखाते : वाद आचाराचा की अधिकाराचा?

मुलुंडचा वाचक

नमस्कार. इंडोनेशियातील दोन मोठ्या मुस्लिम संघटनांमधील राजकीय चढाओढीविषयी वाचताना एका ठिकाणी माझे समाधान होत नाही, म्हणून हा प्रश्न जाणकारांपुढे मांडतो. मुहम्मदियाची स्थापना १९१२ साली योग्यकार्ता येथे अहमद दहलान यांनी केली. शहरी व्यापारी आणि शिक्षकवर्ग हा तिचा आधार होता, आणि शाळा, दवाखाने, अनाथालये यांच्या जोरावर ती वाढली. नहदतुल उलमा १९२६ साली सुराबाया येथे स्थापन झाली. तिच्यामागे पूर्व आणि मध्य जावामधील पेसांत्रेन, म्हणजे निवासी धार्मिक शाळा, आणि त्या चालवणारे उलमा, म्हणजे धर्मपंडित, होते. दोन्ही संघटना सुन्नी आहेत, दोन्ही स्वातंत्र्यलढ्यात होत्या आणि पुढे दोन्हींनी पांचासिला हे राष्ट्रीय तत्त्व मान्य केले.

असे असताना १९४५ साली माशुमी या एकाच पक्षाच्या छत्राखाली आलेल्या या संघटना सात वर्षांत वेगळ्या का झाल्या? बहुतेक लेखनात आचारभेदांची यादी दिलेली असते: फजरच्या (पहाटेच्या) नमाजात कुनूत ही दुआ म्हणावी की नाही, तरावीहच्या (रमजानमधील रात्रीच्या नमाजाच्या) रकाती, म्हणजे आवर्तने, वीस की आठ, मृतासाठी तहलील (सामूहिक पठण) करावी की नाही. हे भेद तर पक्ष एकत्र होता तेव्हाही होतेच. मग १९५२ साली नेमके काय बदलले, आणि त्यात राज्यसंस्थेचा वाटा किती होता?

आपल्या मुंबईत हज कमिटी, वक्फ, वैयक्तिक कायदा यांवरून मुस्लिम संघटनांमध्ये मतभेद झाले की वर्तमानपत्रे 'पंथभेद' एवढा एकच शब्द वापरून मोकळी होतात. पंथ कुठे संपतो आणि सत्तेचा प्रश्न कुठे सुरू होतो, हे मला समजून घ्यायचे आहे. उत्तरे या मुद्द्यापुरती राहावीत, एवढी विनंती.

जुनी दफ्तरे

आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे. १९५२ साली बदलले ते धर्मखात्याचे मंत्रिपद. फूट कुनूतवरून पडली नाही, ती या खात्यावरून पडली, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या खात्याला एवढे मोल का आले हे पाहण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते.

डच राजवटीचे धोरण असे होते की पूजाअर्चा, हज, विवाह यांत फारशी ढवळाढवळ करायची नाही, पण राजकारणाच्या वाटेवर जाणारा इस्लाम मात्र कठोरपणे दडपायचा. दुसऱ्या महायुद्धात इंडोनेशिया ताब्यात घेतलेल्या जपान्यांनी हे उलटे केले. जावातील गावागावांत पोहोचायचे तर तेथील धर्मगुरूंशिवाय दुसरा मार्ग नाही हे ओळखून त्यांनी धार्मिक व्यवहारांचे कार्यालय उभारले आणि १९४३ च्या अखेरीस माशुमी याच नावाची (१९४५ चा पक्ष नंतरचा) सर्व संघटनांची एकत्र संघटना आपल्या देखरेखीखाली आणली. पुढे त्या कार्यालयाचे प्रमुखपद नहदतुल उलमाचे संस्थापक हाशिम अश्अरी यांना देण्यात आले आणि प्रत्यक्ष कारभार त्यांचे पुत्र वाहिद हाशिम पाहू लागले. पेसांत्रेनच्या बाहेर ज्यांना कधी सरकारी खुर्ची मिळाली नव्हती, त्या वर्गाचा प्रशासनात असा प्रवेश झाला. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर काही महिन्यांतच, ३ जानेवारी १९४६ रोजी, स्वतंत्र धर्ममंत्रालय स्थापन झाले.

या मंत्रालयाकडे विवाहनोंदणी, धार्मिक न्यायालये, हजची व्यवस्था आणि धार्मिक शिक्षण ही कामे होती. आधुनिक शाळेची पदवी नसलेल्या, परंतु अरबी ग्रंथांत पारंगत असलेल्या हजारो माणसांना सरकारी नोकरी देऊ शकेल असे ते एकमेव खाते होते. मुहम्मदियाच्या शाळांत शिकलेले तरुण इतर खात्यांतही जाऊ शकत होते, पेसांत्रेनमधून आलेल्यांना मात्र हाच दरवाजा उघडा होता. म्हणून नहदतुल उलमाच्या दृष्टीने हे मंत्रिपद मानाचे होतेच, शिवाय तिच्या माणसांच्या पोटापाण्याशी आणि प्रतिष्ठेशी जोडलेले होते.

दरम्यान माशुमीच्या आत सत्तेचे पारडे झुकत गेले. १९४९ च्या अधिवेशनात पक्षाच्या धर्मविषयक मंडळाचे अधिकार कमी करून ते केवळ सल्लागार ठेवण्यात आले. मोहम्मद नात्सिर यांच्यासारख्या आधुनिक शिक्षण घेतलेल्या नेत्यांचा वरचष्मा झाला, आणि आपल्याला मते मिळवण्यापुरते वापरले जाते ही भावना उलमांमध्ये बळावली. १९५२ साली नवे मंत्रिमंडळ बनताना वाहिद हाशिम यांच्या जागी मुहम्मदियाचे फकीह उस्मान धर्ममंत्री झाले. त्याच वर्षी पालेमबांग येथील अधिवेशनात नहदतुल उलमाने माशुमी सोडून स्वतंत्र पक्ष होण्याचा निर्णय घेतला.

पुढचे आकडे पाहिले की या निर्णयामागची राजकीय जाण लक्षात येते. तात्पुरत्या संसदेत नहदतुल उलमाच्या वाट्याला ८ जागा होत्या. १९५५ च्या निवडणुकीत त्यांना १८.४ टक्के मते आणि ४५ जागा मिळाल्या, तर माशुमीला २०.९ टक्के मते आणि ५७ जागा. ज्यांना पक्षात सल्लागार म्हणून बसवले होते, त्यांच्यामागे जवळजवळ तेवढाच मतदार होता हे मतपेटीने दाखवून दिले. १९५३ पासून १९७१ पर्यंत धर्ममंत्रिपद बहुतेक काळ नहदतुल उलमाकडेच राहिले.

येथे राज्यसंस्थेचा दुसरा हात दिसतो. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना माशुमी नको होती. १९५८ च्या सुमात्रातील बंडात नात्सिर आणि इतर काही नेते सामील झाले आणि १९६० साली माशुमी संपुष्टात आणली गेली. नहदतुल उलमा मात्र सुकार्नोंच्या 'मार्गदर्शित लोकशाही'त, म्हणजे सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेल्या व्यवस्थेत, राहिली, आणि राष्ट्रवादी, धार्मिक व साम्यवादी या तीन प्रवाहांच्या मांडणीतील धार्मिक प्रवाहाचे प्रतिनिधित्व करू लागली. एकाला बाहेर काढताना दुसऱ्याला आत ठेवले की सरकारवर धर्मविरोधाचा आरोप टिकत नाही, हे गणित त्यामागे होते असे मला वाटते.

या जवळिकीचा सर्वांत काळा भाग टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९६५-६६ मध्ये लष्कराच्या पाठबळाने साम्यवाद्यांची जी कत्तल झाली, तिच्यात नहदतुल उलमाच्या अन्सोर या युवक शाखेचा सहभाग होता आणि मुहम्मदियाशी संबंधित गटही दूर राहिले नाहीत. मृतांचा आकडा पाच लाख किंवा त्याहून अधिक मानला जातो. या एका गोष्टीत दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच बाजूला होते, आणि ती बाजू लष्कराची होती.

बाणकोट ते भायखळा

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु सगळा भार मंत्रालयावर टाकणे मला पटत नाही. मी कोकणी मुसलमान आहे. आम्ही शाफई, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी (मजहबांपैकी) एकीचे, आणि इंडोनेशियातील बहुसंख्य मुसलमानही शाफईच. फजरला कुनूत म्हणणे आमच्या घरात कोणी वेगळे शिकवावे लागत नाही, ते नमाजाबरोबरच येते. एखाद्या शिकलेल्या माणसाने येऊन ही पद्धत चुकीची आहे, मयतीनंतरचे पठण निरर्थक आहे, वडिलांच्या कबरीवर जाऊन दुआ करणे संशयास्पद आहे असे सांगितले, तर तो केवळ एका आचाराला हात घालत नाही. ज्यांनी आम्हाला शिकवले त्यांच्या विद्येला तो खोटे ठरवतो. बाहेरून यादीसारखे दिसणारे हे भेद आतून असे असतात. पेसांत्रेनमधील गुरूचा अधिकार या आचारांवरच उभा आहे, त्यामुळे आचार आणि अधिकार असे दोन कप्पे करणे अवघड आहे.

नहदतुल उलमाचा जन्मच याची साक्ष देतो. १९२४ साली इब्न सौद (पुढे सौदी अरेबियाचे संस्थापक) यांच्या, कबरींना मान देणे नाकारणाऱ्या फौजांनी मक्का घेतली आणि मजहबांप्रमाणे चालणारे शिक्षण, कबरी व जियारती (कबरींचे दर्शन) यांचे काय होणार ही चिंता जगभर पसरली. मक्केतील परिषदेसाठी इंडोनेशियातून जे शिष्टमंडळ ठरत होते त्यात सुधारणावाद्यांचे वर्चस्व होते, आणि चार मजहब व पवित्र कबरी यांच्या रक्षणाची मागणी नेण्यास ते तयार नव्हते. तेव्हा वहाब हसबुल्ला यांनी पुढाकार घेऊन हिजाज (मक्का-मदिनेचा प्रदेश) समिती स्थापन केली आणि ३१ जानेवारी १९२६ रोजी तिच्यातून नहदतुल उलमा आकाराला आली. तेव्हा धर्ममंत्रालय नव्हते, मंत्रिपद नव्हते, आणि राज्य डचांचे होते.

मुंबईकरांना हे दूरचे वाटू नये. भायखळ्याचे खिलाफत हाऊस ज्या चळवळीची आठवण आहे, त्या खिलाफत चळवळीतही नेमका हाच वाद याच वर्षांत पेटला होता. मौलाना अब्दुल बारी फरंगी महली यांनी कबरी पाडण्याला कडाडून विरोध करून वेगळी संघटना उभी केली. अली बंधू सुरुवातीला इब्न सौद यांच्याबाबत आशावादी होते, नंतर तेही विरोधात गेले. सुराबाया आणि मुंबई येथील माणसे एकाच प्रश्नावर भांडत होती, आणि तो प्रश्न होता की मुसलमानांच्या वतीने मक्केत कोण बोलणार.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की मंत्रालयाने भांडण निर्माण केले नाही. ते आधीपासून होते. मंत्रालयाने त्याला एक जागा दिली, जिथे एकाच वेळी एकच बसू शकतो.

जुनी दफ्तरे

१९२६ चा मुद्दा मान्य आहे, आणि शेवटचे वाक्य तर माझ्या म्हणण्यापेक्षा अधिक नेमके आहे. तरी एक फरक सांगतो. १९३७ मध्ये याच दोन बाजू एका महासंघात एकत्र आल्या होत्या, आणि तो महासंघ त्यांनी स्वतः बनवला होता. कुनूतचा प्रश्न त्यात कोणी सोडवला नव्हता, तरीही तो चालला. वाटून घेण्यासारखे काही नसते तेव्हा आचारभेद सोसता येतात, असे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

फोर्टमधील वकील

भारतापुरते दोन शब्द जोडतो, कारण मूळ प्रश्नात मुंबईचा उल्लेख आहे.

आपल्याकडे धर्ममंत्रालय नाही, आणि त्यामुळे स्पर्धेचे स्वरूपच वेगळे झाले. १९१९ साली स्थापन झालेली जमियत उलमा-ए-हिंद काँग्रेसबरोबर राहिली. हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ साली संमिश्र राष्ट्रवादाची भूमिका मांडली तेव्हा तिच्यावर कठोर टीका करणाऱ्यांत औरंगाबादेत जन्मलेले अबुल आला मौदुदी होते, आणि त्यांनी १९४१ साली लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापन केली. १९४५ मध्ये देवबंदी उलमांपैकीच शब्बीर अहमद उस्मानी यांचा गट पाकिस्तानच्या बाजूने वेगळा झाला. मसलक (विचारपरंपरा) एकच, तरीही राज्य कोणते हवे यावर फूट पडली. 'पंथभेद' या शब्दात हे बसत नाही, एवढे तर सिद्ध होते.

जमात-ए-इस्लामी हिंदवर १९७५ मध्ये आणीबाणीत आणि डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यानंतर बंदी आली. दोन्ही वेळा राष्ट्रीय स्वयंसेवक संघावरही बंदी होती. दुसरी बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली रद्द केली. बंदीचे कारण सांगितले म्हणजे पुरे होत नाही, ते न्यायाधिकरणापुढे पुराव्याने तपासले गेले पाहिजे, हे त्या निकालाचे सार आजही महत्त्वाचे आहे. इंडोनेशियात २०१७ साली खिलाफतीचे राज्य मागणाऱ्या हिज्बुत तहरीर या संघटनेची मान्यता काढताना सरकारने आधी अध्यादेश आणून न्यायालयाची पायरीच वगळली. ज्या संघटनेचे विचार मला अजिबात मान्य नाहीत तिच्याबाबतीतही हा मार्ग मला धोक्याचा वाटतो. नहदतुल उलमाने त्या निर्णयाचे जोरदार समर्थन केले, याचे मला दुःख आहे.

दुसरे उदाहरण याच शहरातले. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत जे अधिवेशन भरले त्यात देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, जमात-ए-इस्लामी आणि शिया एका व्यासपीठावर आले आणि पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झाले. सर्वांना लागू होणारे दत्तकविधेयक संसदेत आले होते, हे तात्कालिक कारण. म्हणजे राज्याने काही द्यायचे ठरवले की संघटना फुटतात आणि काही काढून घेण्याची शक्यता दिसली की एकत्र येतात. अर्थात या एकीची किंमतही कोणीतरी मोजली. १९६६ साली तोंडी तलाकच्या विरोधात हमीद दलवाई यांच्याबरोबर याच मुंबईत मोर्चा काढणाऱ्या सात मुस्लिम महिलांसाठी त्या व्यासपीठावर जागा नव्हती.

वक्फ कायद्यातील २०२५ च्या दुरुस्तीकडेही असे पाहता येईल. पर्सनल लॉ बोर्ड आणि जमियत यांनी तिला विरोध केला. बोहरा आणि आगाखानी समाजांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करण्याची तरतूद तिच्यात होती, आणि बोहरा समाजाच्या शिष्टमंडळाने पंतप्रधानांची भेट घेऊन आभार मानले. बोहरा समाजावर समजूत कमी असल्याचा आरोप करणे अन्यायाचे होईल. आपल्या संस्था दुसऱ्या पंथाच्या बहुमताखाली जाऊ नयेत ही त्यांची जुनी मागणी आहे. पण सरकारला कोणाशी वेगळे बोलायचे हे नेमके ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

मुलुंडचा वाचक

सर्वांचे आभार. माझा प्रश्न आता अधिक नेमका झाला आहे. राज्याच्या इतके जवळ राहून या संघटना स्वतंत्र कशा उरल्या? इतर अनेक देशांत उलमा सरकारी नोकरच झाले. इंडोनेशियात तसे पूर्णपणे झालेले दिसत नाही.

जुनी दफ्तरे

कारण एका टप्प्यावर त्यांनी मागे पाऊल घेतले, आणि ते घेण्याइतकी स्वतःची मालमत्ता त्यांच्याकडे होती.

सुकार्नोंनंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तो यांनी १९७३ साली सर्व मुस्लिम पक्ष एका पक्षात कोंबले. म्हणजे सुकार्नोंच्या काळात वेगळे केलेले प्रतिस्पर्धी आता सक्तीने एकत्र आले, आणि उमेदवारीवरून त्यांच्यात रोजची भांडणे सुरू झाली. धर्मखातेही नहदतुल उलमाच्या हातून गेले होते. १९८४ मध्ये सितुबोंदो येथील अधिवेशनात तिने पक्षीय राजकारण सोडून १९२६ च्या मूळ कार्याकडे परतण्याचे ठरवले, पांचासिला हे एकमेव अधिष्ठान म्हणून स्वीकारले आणि हाशिम अश्अरींचे नातू अब्दुर्रहमान वाहिद यांना अध्यक्ष केले. परिणाम लगेच दिसला. त्या एकत्रित पक्षाची मते १९८२ च्या सुमारे २८ टक्क्यांवरून १९८७ मध्ये १६ टक्क्यांवर आली.

हा निर्णय शरणागती होता की शहाणपण, यावर आजही वाद आहे. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण १९९० साली सरकारच्या आशीर्वादाने मुस्लिम बुद्धिजीवींची संघटना निघाली आणि आधुनिक विचाराचे अनेकजण तिच्यात गेले, तेव्हा वाहिद तिच्यापासून दूर राहून सरकारवर टीका करू शकले. पेसांत्रेन सरकारच्या पैशावर अवलंबून नव्हत्या. मुहम्मदियाच्या शाळा, रुग्णालये आणि दीडशेहून अधिक उच्च शिक्षणसंस्था यांचेही तेच. आपण विचारता त्या स्वातंत्र्याचा पाया हा आहे.

सुहार्तो गेल्यावर मात्र जुनी स्पर्धा राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचली. १९९९ मध्ये मुहम्मदियाचे माजी अध्यक्ष आमीन राइस यांनी मध्यममार्गी आघाडी जुळवून वाहिद यांना राष्ट्राध्यक्ष केले, आणि जुलै २००१ मध्ये ज्या सर्वोच्च लोकप्रतिनिधी सभेने त्यांना पदच्युत केले तिचे अध्यक्षही राइसच होते. पदावर असताना, २००० साली, वाहिद यांनी १९६५-६६ मधील आपल्या संघटनेच्या सहभागाबद्दल माफी मागितली. त्या देशातील फार थोड्या नेत्यांनी तेवढे केले आहे, आणि म्हणून त्यांच्याविषयी माझा आदर कायम आहे.

बाणकोट ते भायखळा

एक छोटी भर. ईदची तारीख मुहम्मदिया खगोलगणिताने ठरवते, तर नहदतुल उलमा चंद्र पाहण्याला महत्त्व देते. २०२३ मध्ये मुहम्मदियाची ईद २१ एप्रिलला होती आणि सरकारने जाहीर केलेली २२ एप्रिलला. काही शहरांत आदल्या दिवशीच्या नमाजासाठी सार्वजनिक मैदान देण्यास स्थानिक प्रशासनाने नकार दिला, तेव्हा खुद्द धर्ममंत्र्यांनी मैदाने द्यावीत असे आवाहन केले, आणि ते मंत्री नहदतुल उलमाच्या परंपरेतले होते. मुंबईत चंद्र दिसल्याची घोषणा सरकार करत नाही, ते काम समित्यांचे आहे आणि सरकार फार तर सुट्टीचा दिवस बदलते. मला ही आपली व्यवस्था अधिक निकोप वाटते. तिथे एका दिवसाच्या फरकालाही मंत्रालयाची बाजू आणि संघटनेची बाजू असे रूप येते.

जुनी दफ्तरे

सहमत. आणि आजच्या घडीला खरी कसोटी ईदची नाही, कोळशाची आहे. २०२४ साली सरकारने धार्मिक संघटनांना खाणींचे परवाने देण्याची मुभा दिली. नहदतुल उलमाने तत्परतेने होकार दिला, मुहम्मदियाने काही आठवडे विचार करून जुलैमध्ये दिला, आणि दोन्हीकडच्या तरुण कार्यकर्त्यांनी व पर्यावरणाचा अभ्यास असणाऱ्यांनी आपापल्या नेतृत्वाला उघड विरोध केला. धर्मखात्यातील नोकऱ्या एका वेळी एकालाच मिळत होत्या. इथे मात्र दोघांनाही एकाच वेळी देण्याइतके सरकारकडे होते. आतापर्यंत या संघटनांची ताकद त्यांच्या स्वतःच्या शाळांत आणि पेसांत्रेनमध्ये होती, म्हणून सरकारला नकार देण्याची क्षमता त्यांच्याकडे राहिली. खाणीचा परवाना सरकार काढून घेऊ शकते, आणि नेमका हाच आक्षेप त्या तरुणांपैकी अनेकांचा आहे.